आयर्न प्रोफाइल: हिमोग्लोबिनच्या पलीकडचे लोह दाखवणारी तपासणी

आमच्या भागातील एका पॅथॉलॉजी लॅबमधून माझ्या मुलीची ‘आयर्न प्रोफाइल’ ही रक्ततपासणी नुकतीच करून घेतली. तिचे हिमोग्लोबिन 12.1 होते, म्हणजे प्रौढ स्त्रीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या 12 ग्रॅमच्या मर्यादेच्या किंचित वर. तरीही तिचा थकवा आणि जिना चढताना लागणारी धाप पाहून डॉक्टरांनी ही तपासणी सुचवली, आणि शरीरातील लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारे फेरिटिन अवघे 9 निघाले.

ही तपासणी मला मोलाची वाटते ती याच कारणासाठी. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण 3 ते 4 ग्रॅम लोह असते आणि त्याचा सुमारे दोनतृतीयांश भाग हिमोग्लोबिनमध्ये असतो. उरलेल्यापैकी बराचसा भाग यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेतील पेशींमध्ये फेरिटिन या पोकळ प्रथिनाच्या आत साठवलेला असतो; फेरिटिनच्या एका रेणूत लोहाचे जवळजवळ 4500 अणू मावतात. आहारातून लोह कमी पडू लागले की शरीर आधी हे कोठार रिकामे करते, आणि त्यानंतरच हिमोग्लोबिन घसरू लागते. रक्तात फिरणारे थोडेसे फेरिटिन या साठ्याचा अंदाज देते, म्हणून केवळ हिमोग्लोबिन पाहून निश्चिंत होणाऱ्या कुटुंबांना ही तपासणी अनेक महिने आधी सावध करू शकते.

अहवालातील इतर तीन आकडे वाहतुकीविषयी सांगतात. सुटे लोह पेशींना घातक असल्याने रक्तातून ते ट्रान्सफेरिन या प्रथिनाला बांधूनच नेले जाते आणि ट्रान्सफेरिनचा एक रेणू लोहाचे दोन अणू वाहू शकतो. कोणत्याही क्षणी या वाहतुकीत जेमतेम 3 ते 4 मिलिग्रॅम लोह असते, पण दिवसभरात तेथून 20 ते 25 मिलिग्रॅम लोह पुढे जाते. त्यातील बहुतेक सारे सुमारे 120 दिवस जगून मोडीत निघालेल्या तांबड्या पेशींमधून परत मिळवलेले असते, कारण आतड्यांतून रोज फक्त 1 ते 2 मिलिग्रॅमच शोषले जाते. साठा घटला की यकृत ट्रान्सफेरिन जास्त बनवते, त्यामुळे लोह बांधण्याची एकूण क्षमता, म्हणजेच टीआयबीसी, वाढते. मुलीचे सीरम आयर्न, म्हणजे रक्तात वाहून नेले जाणारे लोह, 42 आणि टीआयबीसी 420 होते, म्हणजे ट्रान्सफेरिनची भरलेली जागा केवळ 10 टक्के. हे सर्व आकडे एकाच दिशेने बोट दाखवत असल्याने डॉक्टरांना निदानासाठी दुसरे काही मागवावे लागले नाही.

सेवेबद्दल मात्र माझे दोन आक्षेप आहेत. नमुना घ्यायला आलेल्या तंत्रज्ञाचे काम सफाईदार होते, परंतु लोहाची गोळी चालू आहे का, अलीकडे ताप येऊन गेला का, हे त्याने विचारले नाही. गोळीनंतर काही तास सीरम आयर्न फुगलेले दिसते. ताप किंवा संसर्गात तर शरीर हेप्सिडिन हे संप्रेरक वाढवून लोह पेशींतच अडकवून ठेवते. त्या वेळी फेरिटिनही वाढते आणि रिकामे कोठार भरलेले भासू शकते. अशा वेळी सोबत सीआरपी ही शरीरातील दाह दाखवणारी चाचणी करणे आवश्यक असते, आणि ती या पॅकेजमध्ये नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अहवालात फेरिटिनची खालची मर्यादा 10 छापलेली आहे, तर निरोगी प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटना 15 च्या खालचे फेरिटिन कमतरतेचे लक्षण मानते. मुलीचा आकडा 12 असता, तर तो ठळक अक्षरांत छापला गेलाच नसता आणि आम्ही कदाचित दुर्लक्ष केले असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, त्यामुळे पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या किंवा सतत थकवा जाणवणाऱ्या स्त्रियांनी ही तपासणी डॉक्टरांना विचारून अवश्य करावी. नमुना सकाळी, गोळी घेण्यापूर्वी आणि आजारपण सरल्यावर द्यावा, आणि अहवालावरील मर्यादा डॉक्टरांना दाखवूनच समजून घ्यावी. उपचार सुरू झाल्यावर पूर्ण पॅकेज पुन्हा विकत घेण्याची गरज बहुधा पडत नाही. आमच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांनी फक्त हिमोग्लोबिन आणि फेरिटिन पाहायला सांगितले आहे, आणि या लॅबमध्ये त्या दोन चाचण्या सुट्या करून मिळतात.