गच्चीवरचं सोलर, पंधरा महिने झाल्यावर

आमच्याकडे पाडव्याला गुढी उभी राहिली की सासूबाई पंचांग उघडून संवत्सरफल मोठ्यानं वाचतात. यंदा राजा कोण, मेघेश कोण, पाऊस कसा. त्यांचं झालं की मी माझी वही काढते. विमा कार्यालयात 33 वर्षं काढल्यामुळे भविष्य सांगायची खोड मलाही लागली आहे. त्यांच्याकडे ग्रह, माझ्याकडे कोष्टकं, एवढाच फरक. वहीत चार रकाने असतात: तब्येत, यंत्रं, वीज-इंधन आणि जग. 9 एप्रिल 2024 ला, क्रोधी संवत्सराच्या पाडव्याला, तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं, "यंदा सोलर बसवायचं. बिल जाईल, लाइट जायची कटकटही जाईल." बिलाचं बरंचसं खरं झालं. लाइटचं पुढे सांगते.

घेतलं ते असं: 545 वॅटचे सहा पॅनल, म्हणजे सव्वातीन किलोवॅट, बॅटरीशिवायचं ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं. गच्चीत माणूस उभा राहील इतका उंच सांगाडा. एकूण 1 लाख 98 हजार, त्यातले केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेचे 78 हजार नंतर खात्यात परत आले. या अनुदानासाठी पॅनलच्या आतले वीज बनवणारे सेलसुद्धा भारतात बनलेले असावे लागतात, त्यामुळे पॅनल जरा महाग पडतात.

बसवणाऱ्यानं पंधरा दिवस सांगितले होते, लागले तीन महिने. त्यातला मोठा वाटा माझा. सासरे जाऊन अकरा वर्षं झाली तरी वीजबिल त्यांच्याच नावावर येत होतं. जन्मभर लोकांच्या पॉलिसीत वारसाचं नाव तपासलं आणि घरचं बिल कधी उलटून पाहिलं नाही. नाव बदलून नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि दिलेली दोन्ही वीज मोजणारं मीटर, लागेपर्यंत जुलैचा मध्य उजाडला. तोवर सहा पॅनल गच्चीवर नुसते पावसात न्हात बसले होते.

आता वीज किती झाली ते. हिशेब सांगितला होता किलोवॅटला रोज चार युनिट. त्या मापानं वर्षाला 4,774 व्हायला हवे होते, माझ्या वहीत 4,386 भरले. आठ टक्के कमी, मी चालवून घेते. पावसाळ्यातल्या एका झाकोळलेल्या दिवशी जेमतेम तीन युनिट झाले, मार्चमधल्या एका दिवशी सतरा. आणि इथेच माझं एक भाकीत साफ पडलं. सोलापूरचं ऊन, म्हणजे एप्रिल-मे सगळ्यांत भारी, असं मी लिहून ठेवलं होतं. निघाला मार्च. पॅनलवर छापलेले वॅट हे सेल 25 अंशांवर असताना मोजलेले असतात. त्यापुढे दर अंशाला साधारण एक तृतीयांश टक्का वीज कमी होते, आणि आमच्याकडे सावलीत 42-43 असतं तेव्हा पॅनल 65 च्या घरात तापतो. पॅनलला उजेड हवा असतो, उष्मा नको असतो. धूळ हा वेगळा ताप. पहिले काही महिने मी बोअरच्या पाण्यानं पॅनल धुतले, तर काचेवर क्षाराचे पांढरे डाग धरले. आता पिण्याच्या पाण्याच्या दोन बादल्या, लांब दांड्याचा मऊ ब्रश, आणि तेही उन्हं यायच्या आत.

आता लाइट जाण्याचं. मे 2025, दुपारचे साडेतीन. वळवाचा पाऊस आला, वाऱ्यानं कुठेतरी तार तुटली आणि वीज गेली. वीस मिनिटांत पुन्हा लख्ख ऊन. सासूबाईंना दम्याची उबळ आलेली, नेब्युलायझरचा मास्क हातात, आणि यंत्र काही सुरू होईना. मी म्हणत होते, थांबा, आपलं सोलर आहे. जिन्याखाली जाऊन पाहिलं तर सोलरच्या इन्व्हर्टरवर लाल दिवा. फोन लावला. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "मॅडम, लाइन गेली की आपलं पण बंदच होणार. नाहीतर तारेवर चढलेल्या वायरमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसेल." बरोबरच आहे त्याचं. पण आमचा जुना बॅटरीवाला इन्व्हर्टर मी आदल्या ऑगस्टमध्येच, "आता कशाला हवाय", म्हणून 3,200 रुपयांना भंगारवाल्याला देऊन मोकळी झाले होते.

शेवटी यंत्र उचललं आणि सासूबाईंना धरून शेजारच्या काकूंकडे नेलं. त्यांच्याकडे बॅटरी होती. दहा मिनिटांनी सासूबाईंनी मास्क बाजूला केला आणि काकूंसमोर मला विचारलं, "अगं, तुझं ते सोलर काय फक्त लाइट असली की चालतं?"

बसवणारा खोटं बोलला नव्हता. तो "बिल शून्य" म्हणाला, मी मनातल्या मनात "लाइट कायम" ऐकलं. बिलसुद्धा शून्य होत नाही म्हणा, स्थिर आकार येतोच. पूर्वी महिन्याला सरासरी 2,600 यायचं, आता दोनशेच्या आत. उरलेले युनिट पुढच्या महिन्यात ओढले जातात आणि मार्चअखेर खातं बंद होऊन शिल्लक स्वस्तात जाते. म्हणून मी हिवाळ्यात युनिट साठवत बसत नाही, गिझर लावते. पैसे तीन वर्षांत वसूल, असं मला सांगितलं होतं. नव्या बॅटरी-इन्व्हर्टरचे 24 हजार धरले की मला पाच दिसतात. लिथियम बॅटरीच्या हायब्रिडचं, म्हणजे लाइट गेल्यावरही चालणाऱ्या सोलरचं, कोटेशनही घेतलं होतं, आणखी लाख-सव्वा लाख. थांबले. वहीत लिहिलंय: 2028 पर्यंत हे निम्म्यावर येईल.

भाकितं चुकायला मी एकटीच नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था किती वर्षं सौरऊर्जेचे अंदाज करायची आणि दरवेळी प्रत्यक्षात त्याहून जास्त बसायचं. आपल्याकडे उलटं. 2022 पर्यंत 100 गिगावॅट म्हटलं होतं, ते 2025 उजाडल्यावर गाठलं, आणि त्यातला घरांच्या छतांचा वाटा तर फारच मागे राहिला. माझी आणखी एक महागात पडलेली चूक जीएसटीची. 22 सप्टेंबर 2025 पासून सौर उपकरणांवरचा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला, आणि मी वर्षभर आधी घेऊन बसलेली.

चौथा, जगाचा रकाना मात्र कामी आला. जून 2025 मध्ये इराण-इस्राईलचं पेटलं, होर्मुझच्या सामुद्रधुनीचं नाव रोज बातम्यांत येऊ लागलं. आपला निम्म्याहून जास्त स्वयंपाकाचा गॅस बाहेरून येतो आणि त्यातला बहुतेक त्याच चिंचोळ्या वाटेनं. मी त्याच आठवड्यात इंडक्शन घेतलं. सिलिंडर मिळत राहिला, पण डाळ-भात आता दुपारी गच्चीवरच्या विजेवर होतो. भाकरी अजून गॅसवरच, त्यावर चर्चा नको.

मालाला पाचात चार. बसवणाऱ्याला दोन. पाच वर्षांची देखभाल करारात आहे, पण पंधरा महिन्यांत माणूस एकदाच आला, तोही मी तिसऱ्यांदा फोन केल्यावर. पॅनलच्या वीजनिर्मितीची हमी 25 वर्षांची, म्हणजे 2049. मी तेव्हा 86 ची असेन. माझ्या जुन्या कोष्टकाप्रमाणे पॅनल माझ्यापेक्षा जास्त भरवशाचा आहे.

एक गोष्ट कुठल्याच रकान्यात नव्हती. उंच सांगाड्याखाली सावली झाली आणि वरच्या खोलीचा स्लॅब तापायचा कमी झाला. यंदा त्या खोलीत कूलर लावलाच नाही. उलट कुरडयांना ऊन उरलं नाही. वाळवणाची साडी यंदा काकूंच्या गच्चीत पसरली होती, आणि सासूबाई आमच्या पॅनलखालच्या सावलीत खुर्ची टाकून तिकडच्या कावळ्यांना ओरडत होत्या.