जुनी स्विफ्ट कंपनीमार्फत विकली: सहा-सात महिन्यांनंतर काय वाटतं

जुन्या गाड्या विकून देणाऱ्या त्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि या धंद्यातल्या बहुतेकांची पद्धत सारखीच दिसते.

आधी थेट गिऱ्हाईक शोधत होतो. पहिलाच फोन ठरलेल्या साच्यातला: 'मी आर्मीत आहे, गाडी बघायची गरज नाही, क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करा म्हणजे टोकन जमा होईल.' पैसे घ्यायला ना कोड स्कॅन करावा लागतो ना पिन टाकावा लागतो. ब्लॉक केला. खरी गिऱ्हाइकंही आली. त्यातल्या एकाचा भाव चांगला होता, पण म्हणाला, 'काका, २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर नुसत्या सह्या करून द्या, बाकीचं आमचा एजंट भरेल.' गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे हे फॉर्म. म्हणजे घेणाऱ्याचं नाव कोरं, तारीख कोरी, आणि गाडी पुढे कोणाच्या हातात जाईल ते रामभरोसे. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय. त्या प्रकरणातली गाडी तर विकल्यावर अनेक हात फिरली होती, तरी जबाबदार ठरला तो मूळ मालक.

म्हणून कंपनी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तपासणीला पोरगा आला, त्याचं काम मात्र चोख. प्रत्येक पत्र्यावर रंगाची जाडी मोजायचं यंत्र टेकवत गेला आणि डाव्या मागच्या दारावर थांबला. ते दार पुन्हा रंगवलंय हे त्याला न सांगता कळलं. मग ॲपवर डीलर लोकांचा लिलाव. हाती आलेली रक्कम त्या थेट गिऱ्हाइकाच्या भावापेक्षा पंचवीसेक हजारांनी कमी. शिवाय गाडी न्यायला आलेल्याने बंपरचा ओरखडा दाखवून आणखी कापायचा प्रयत्न केला. तपासणीच्या रिपोर्टमध्ये तोच ओरखडा फोटोसकट होता, तो उघडून दाखवल्यावर गप्प बसला. रिपोर्ट डाउनलोड करून ठेवाच.

आता मुख्य मुद्दा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं, आणि गाडी ताब्यात दिल्याची खबर २९सी फॉर्मने पोर्टलवर द्यायची असते. ती गेली की पुढचा मालक मिळेपर्यंत गाडीची जबाबदारी डीलरची. कंपनी मला फक्त तारीख-वेळ घातलेली डिलिव्हरी नोट देऊन मोकळी होणार होती. '२९सीची पावती आल्याशिवाय दुसरी चावी मिळणार नाही' म्हटल्यावर दोन दिवसांत आली.

या पावतीनेच पुढे वाचवलं. गाडी पावसाळ्यात गेली, आरसीवरचं नाव बदललं दिवाळीनंतर. मध्ये सातारा रस्त्यावरचं वेगमर्यादेचं ई-चलन माझ्या मोबाइलवर. कस्टमर केअरला दर वेळी नवा माणूस आणि एकच उत्तर: 'सर, ट्रान्सफर प्रोसेसमध्ये आहे.' शेवटी २९सीची पावती आणि चलनाची तारीख एकाच मेलमध्ये पाठवली, तेव्हा डीलरने दंड भरला. तोपर्यंत मी रोज सकाळी चहाबरोबर एमपरिवहन ॲप उघडून मालकाचं नाव बघत होतो. बायकोने त्याला 'पूजा' असं नाव ठेवलं.

कर्जाचं काम त्यांनी खरंच छान केलं. बँकेची एनओसी, ३५ नंबरचा फॉर्म, आरसीवरचा बोजा उतरवणं, यातल्या कशासाठीही मला आरटीओची पायरी चढावी लागली नाही. दोन गोष्टी मात्र त्यांच्यापैकी कोणी सांगितल्या नाहीत. फास्टॅग त्याच दिवशी बंद करायचा, नाहीतर टोल तुमच्या खात्यातून कटत राहतो. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसून माणसाचा असतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं तर तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला वापरता येतं, आणि बोनस ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो. माझ्या विमा एजंटमुळे ते पत्र मिळालं.

गाडीवर कर्ज असेल, घेणारा अनोळखी असेल किंवा तुम्ही गाव सोडून चालला असाल, तर पंचवीस हजार गेले तरी चालतील असं माझं मत. ट्रान्सफर होईपर्यंत त्यांनी रोखलेले दहा हजार मात्र नाव बदलल्यावरही दोन मेल केल्यावरच सुटले. आता बायकोची ॲक्टिव्हा काढायची आहे. ती समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांच्या मुलीला द्यायची ठरलीय. तिथे कंपनी कशाला? परिवहनच्या पोर्टलवर अर्ज आम्हीच समोरासमोर बसून भरणार आहोत.