कृष्णविवराचे झोत: प्रकल्पाला जुळा तारा घ्यावा की दीर्घिका?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे एमएस्सी फिजिक्स करताना खगोलभौतिकीचा प्रकल्प घ्यायचा ठरवलात, तर आधी अभिनंदन. कृष्णविवराजवळून प्रचंड वेगाने सुटणारे पदार्थाचे झोत हा विषय घेतलात तर पुढचा प्रश्न लगेच येतो: आपल्याच आकाशगंगेतला क्ष-किरण जुळा तारा (तारा आणि त्याचा वायू ओढणारं कृष्णविवर अशी जोडी) घ्यायचा, की दूरच्या दीर्घिकेच्या केंद्रातलं महाकाय कृष्णविवर?

भौतिकी बरीचशी एकच. फरक पडतो तो काळाच्या मापात. सिग्नस एक्स-१ या जुळ्या ताऱ्यातलं कृष्णविवर सुमारे २१ सूर्यांच्या वस्तुमानाचं, तर एम८७ या दीर्घिकेतलं साधारण साडेसहा अब्ज सूर्यांचं. कृष्णविवराजवळच्या घडामोडी वस्तुमानाच्या प्रमाणात मंदावतात. त्यामुळे सिग्नसमध्ये एका सेकंदात जे उरकतं, त्याला एम८७ मध्ये जवळपास दहा वर्षं लागावीत. एम८७ चा झोत १९१८ मध्ये हेबर कर्टिस यांनी नोंदवला, आणि आजही तो तिथेच रोखलेला दिसतो.

जुळ्या ताऱ्यात झोत सुरू होताना आणि बंद पडतानाही सापडतो. जीआरएस १९१५+१०५ या जुळ्या ताऱ्याचं १९९७ मधलं निरीक्षण मी प्रत्येक विद्यार्थ्याला वाचायला सांगतो. क्ष-किरण एकदम घसरतात, म्हणजे कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या तप्त वायूच्या तबकडीचा आतला भाग रिकामा झालेला असतो. तो परत भरत असताना अवरक्त प्रकाश उसळतो आणि काही मिनिटांनी रेडिओ लहरी. बाहेर फेकलेला ढग फुगत, विरळ होत जातो, म्हणून लांब तरंगलांबीचा उजेड उशिरा पोचतो. हे सगळं अर्ध्या तासाच्या आसपास घडतं आणि पुन्हा सुरू होतं!

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. क्ष-किरण मुख्यतः तबकडी आणि तिच्या भोवतीच्या तप्त वायूतून येतात, झोत चमकतो तो रेडिओत. नुसता क्ष-किरणांचा डेटा घेतलात तर तुम्ही झोताचा उगम अभ्यासत आहात, झोत नव्हे. प्रबंधाच्या शीर्षकात हे स्पष्ट असू द्या.

डेटा दोन्हीकडे फुकट आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय खगोल उपग्रहाचा संग्रह खुला आहे, विश्लेषणाची सॉफ्टवेअर मोफत मिळतात आणि साधा लॅपटॉप पुरतो. २०१८ च्या आधीची निरीक्षणं घ्या. नंतर त्यावरच्या एलएएक्सपीसी या क्ष-किरण उपकरणाच्या तीन संचांपैकी एकच भरवशाचा राहिला. लिनक्स बसवण्यातच पहिले काही आठवडे जातील, त्याने खचू नका.

दीर्घिकेसाठी पुणे जिल्ह्यातल्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. तिचा कच्चा डेटा मोठा असतो, तालुक्याच्या गावातल्या इंटरनेटवर उतरवायला जीव जातो. त्यावर उपाय सोपा: तयार नकाशे घ्या. जीएमआरटीच्या टीजीएसएस सर्वेक्षणाचा १५० मेगाहर्ट्झचा नकाशा आणि अमेरिकेच्या एनव्हीएसएस सर्वेक्षणाचा १४०० मेगाहर्ट्झचा. टीजीएसएसची प्रतिमा धूसर करून एनव्हीएसएसच्या ४५ विकला (आर्कसेकंद) एवढ्या स्पष्टतेवर आणा आणि प्रत्येक बिंदूला १५० वरून १४०० मेगाहर्ट्झला जाताना तेज किती उतरतं ते काढा. जिथे उतार तीव्र, तिथले रेडिओ लहरी सोडणारे इलेक्ट्रॉन सहसा जुने. कृष्णविवराने तो झोत कोट्यवधी वर्षांपूर्वी सोडलेला असू शकतो, आणि त्याचं वय तुम्ही सातपुड्याच्या पायथ्याशी बसून अजमावता.

माझं मत विचाराल तर हातात एक वर्ष असेल आणि प्रोग्रॅमिंगची भीती नसेल, तर जुळा तारा. बदलत्या आलेखातून कारण शोधायची सवय लागते, ती पीएचडीत फार उपयोगी पडते. सहाच महिने असतील, किंवा गाइडना क्ष-किरणांचा अनुभव नसेल, तर नकाशांचं काम घ्या. ते वेळेत पूर्ण होतं. पुढे पीएचडीसाठी आयुका किंवा एनसीआरए या पुण्यातल्या खगोल संशोधन संस्थांत जायचं मनात असेल तर दोन्ही वाटा पुण्यालाच जातात. प्रवेश परीक्षा कोणता झोत निवडलात ते बघत नाही, पायाभूत फिजिक्स बघते. तो अभ्यास प्रकल्पाच्या नादात मागे पडू देऊ नका.