एम्युलेटरच्या डीबगरमधली सिग्नलची दुरुस्ती : पेरणीपासून वेचणीपर्यंत वापरल्यावर

यवतमाळ जिल्ह्यात आमच्या वावरात जमिनीची ओल नोंदवणारा रिस्क-व्ही प्रकारच्या प्रोसेसरचा बोर्ड आहे, त्यावर लिनक्स चालतं. लाईन गेली की मुख्य प्रोग्रामला सिगयूएसआर१ हा सिग्नल (लिनक्सकडून येणारी, ठरावीक क्रमांकाची सूचना) मिळतो आणि बॅटरी संपायच्या आत मेमरीतल्या नोंदी कार्डावर उतरतात. पावसाळ्यात काळ्या मातीतून दर चाचणीला तिथवर जाणं होत नाही. म्हणून लॅपटॉपवर एका छोट्या एम्युलेटरात (बोर्डाच्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरात) प्रोग्राम चालवून जीडीबी या डीबगरनं (चालता प्रोग्राम थांबवून आत बघायच्या साधनानं) तपासतो. त्या एम्युलेटरचा जीडीबीशी बोलणारा भाग पेरणीच्या दिवसांत दुरुस्त केला. आता वेचणी सुरू आहे.

आधी काय व्हायचं? सिगयूएसआर१ आला की जीडीबी 'सिगबस' सांगून थांबायचा. हे नाव दिसलं की कुणीही मेमरीतला चुकीचा पत्ता शोधत बसेल. खरं कारण आकड्यांत होतं. या लिनक्सवर सिगयूएसआर१ म्हणजे १०. जीडीबी एम्युलेटरशी ज्या रिमोट प्रोटोकॉलनं बोलतो, त्याचे क्रमांक मात्र स्वतःचे, ठरलेले आहेत : तिथं १० म्हणजे सिगबस, आणि सिगयूएसआर१ म्हणजे ३०. एम्युलेटर लिनक्सचा आकडा तसाच पुढे ढकलत होता. सिगट्रॅप (ब्रेकपॉइंटला थांबल्याचा सिग्नल) ५ आणि सिगसेगव्ही (मेमरीच्या चुकीच्या वापराचा) ११ दोन्हीकडे सारखेच, त्यामुळे साध्या ब्रेकपॉइंटवर, म्हणजे आपण ठरवलेल्या थांब्यावर, हा दोष कधी दिसतच नाही. सगळ्यात जास्त त्रास सिगसीएचएलडीचा, म्हणजे प्रोग्रामनं सुरू केलेली प्रोसेस संपल्याच्या सिग्नलचा. त्याचा १७ जीडीबीला सिगस्टॉप (थांबवण्याचा सिग्नल) वाटायचा. खरं तर सिगसीएचएलडीवर जीडीबी मुळात थांबतच नाही, पण इथं सेन्सर वाचणारी प्रत्येक प्रोसेस संपली की काम अडायचं.

दुरुस्ती म्हणजे आकडे बदलणारी एक तक्ती. ती दोन्ही दिशांना लागते, आणि हे मी मुद्दाम ठासून सांगतो. फक्त जाणारा आकडा बदलला, तर 'कंटिन्यू' म्हटल्यावर जीडीबी ३० परत पाठवतो. लिनक्सवर ३० म्हणजे सिगपीडब्ल्यूआर हा वेगळाच सिग्नल. त्यासाठी हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारं फंक्शन) नसेल तर प्रोग्राम तिथंच मरतो. अर्धी दुरुस्ती न केलेलीपेक्षा वाईट, कारण आधी निदान चुकीचा १० परत १० म्हणूनच यायचा. क्यूएमू या एम्युलेटरच्या यूझर मोडमध्ये (फक्त एकच प्रोग्राम चालवायच्या पद्धतीत) अशी तक्ती आहे, तीच नजरेसमोर ठेवली.

इतक्या महिन्यांनी माझं मत पक्कं आहे : रिमोट स्टब, म्हणजे जीडीबीशी बोलणारा असा भाग, लिहिणाऱ्यानं हे काम सगळ्यात आधी करावं. आता जीडीबीला 'हँडल सिगयूएसआर१ नोस्टॉप पास' (या सिग्नलवर थांबू नको, तो प्रोग्रामला दे) हा हुकूम एकदा दिला की नोंदी उतरवणाऱ्या फंक्शनवरच थांबता येतं. लाईन जाण्याचा प्रसंग घरबसल्या हवा तितक्यांदा घडवता येतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

रिअलटाइम सिग्नलांना (लिनक्सचे ३२ ते ६४ क्रमांकांचे सिग्नल) मात्र साधी बेरीज चालत नाही. लिनक्सच्या ३३ चा जीडीबीतला क्रमांक ४५ आणि पुढे ओळीनं, पण ३२ चा थेट ७७ आणि ६४ चा ७८. ते वेगळे लिहावे लागले. आणि बॅटरी संपायच्या आत कार्डावर लिहून होतं की नाही, हा वेळेचा प्रश्न एम्युलेटर सोडवत नाही. त्यासाठी कापूस निघाल्यावर बोर्डावरच चाचणी घेणार आहे.