धरणाचं पाणी उतरताना मासळीचं काय होतं: जाळ्याची वही की काठाची फेरी?

पाणी उतरण्याचा मासळीवर आणि तिच्या काठावरच्या आसऱ्यावर काय परिणाम होतो, हे तपासायचं ठरवलं की दोन वाटा समोर येतात. एक म्हणजे मच्छीमारांच्या जाळ्यात रोज काय आणि किती आलं ते वहीत उतरवणं. दुसरी म्हणजे काठाचे तीन-चार तुकडे ठरवून दर पंधरवड्याला तिथे पायी फिरणं, पाणी कुठवर गेलं आणि मागे काय उरलं ते टिपणं. प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आणि मच्छीमार संस्थांचे सचिव, दोघांनाही नेमका इथे प्रश्न पडतो. मी सातारा जिल्ह्यातल्या कण्हेर धरणाच्या पाण्यावर आधी वही केली, मग काठ धरला. तेवढ्या अनुभवावर लिहितो आहे. तुमचं पाणी वेगळं असेल तर फरक पडेल.

उपग्रहाचं थोडक्यात सांगतो, कारण हल्ली पहिला विचार तोच येतो. सेंटिनेल-2 या उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, साधारण 5 दिवसांनी नवं चित्र येतं, आणि 10 मीटरचा एक ठिपका म्हणजे पाण्याची कड बऱ्यापैकी दिसते. नोव्हेंबर ते मे पाण्याचं क्षेत्रफळ काढायला ती उत्तम आहेत. पण जून ते सप्टेंबर आपल्या सह्याद्रीवर ढग बसतात, आणि बरीच मासळी वीण करते ती याच दिवसांत. म्हणून चित्रं जोडीला घ्या. एकट्या चित्रांवर निष्कर्ष काढू नये असं मला वाटतं.

आता वही. तिचा मोठा गुण म्हणजे ती निम्मी तयारच असते. संस्थेकडे वजनाचं रजिस्टर असतं. त्यात जात, नगाची लांबी, जाळ्याचा आस (भोकाचा आकार) आणि जाळं किती तास पाण्यात होतं, एवढं वाढवलं की काम झालं. माणसं आपणहून बोलतात. कुठल्या वर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, किती सोडली, कुठे सोडली, कोणत्या ओढ्याच्या तोंडाला पूर्वी मरळ मिळायची, हे सगळं त्या वजनकाट्यापाशी कळतं. शिवाय आकडा किलोत येतो, त्यामुळे बैठकीत कुणालाही लगेच समजतो.

आणि माझी अडचण तिथेच झाली. पहिल्या वर्षी मी महिनेवार बेरीज केली तर ऑक्टोबरात, धरण तुडुंब असताना, वजन कमी. जानेवारीनंतर आवर्तनं, म्हणजे शेतीसाठी कालव्याला पाळीपाळीने सोडलेलं पाणी, सुटू लागली तसं वाढत गेलं आणि मे महिन्यात सगळ्यात जास्त. मी तो तक्ता एका बैठकीत ठेवला. समोरच्यांनी सरळ अर्थ काढला: पाणी उतरल्याने मासळी वाढते, तेव्हा उतरू द्या. माझ्याकडे त्या क्षणी उत्तर नव्हतं. रात्रभर झोप लागली नाही, कारण उघड्या पडलेल्या काठावर मेलेल्या शिंपल्यांचा खच मी त्याच आठवड्यात पाहिला होता.

उत्तर दिलं ते आमच्या होडीवरच्या मामांनी. "मासं तेवढंच हाय. पानी आटलं, गर्दी झाली, म्हून घावतंय. वाढलंय कुठं?" हेच खरं. जलाशय आकसला की तीच मासळी थोड्या पाण्यात दाटते आणि तेच जाळं दुप्पट कामाचं ठरतं. म्हणजे ज्या नुकसानाचा शोध घ्यायचा, ते होत असतानाच वही फायदा दाखवते. दुसरी गोष्ट वेळेची. विक्रीच्या जाळ्यात येणारा मासा वर्ष-दोन वर्षांपूर्वी जन्मलेला असतो. यंदाच्या काठावर काय बिघडलं ते जाळ्याला कळायला तेवढीच वर्षं जावी लागतात. बारीक आसाचं जाळं लावून पिल्लं मोजता येतील, पण त्यात पिल्लंच मरतात. मला ते करवलं नाही.

मी वही लगेच सोडली नाही. चित्रांवरून पाण्याचं क्षेत्रफळ काढून वजनाला भागून पाहिलं. थोडा फरक पडला, पण मासा सगळीकडे सारखा पसरत नाही, उरलेल्या खोल डोहात जमतो. त्यामुळे भागाकारावरही भरवसा बसेना. कुणाला यातून चांगली वाट सापडली असेल तर मी जरूर शिकेन.

मग काठ. 100 मीटरचे चार तुकडे घेतले: एक खडकाळ आणि चढा, एक सपाट चिखलाचा, एक पाणवनस्पती असलेला, आणि एक ओढ्याच्या मुखाशी. पाण्याच्या कडेला खुंटी, पंधरा दिवसांनी दुसरी खुंटी, दोहोंतलं अंतर टेपने. उतार मोजायला गवंड्याची पाणी भरलेली लेव्हल पाईप पुरते. याने सगळ्यात आधी कळतं ते धरणसाठ्याच्या टीएमसी, म्हणजे अब्ज घनफुटांच्या, आकड्यात लपलेलं असतं. काठाचा उतार 50 ला 1 असेल तर पाणी 1 मीटर उतरल्यावर 50 मीटर जमीन उघडी पडते. तोच 5 ला 1 असेल तर फक्त 5 मीटर. पेपरात धरणाचा साठा एकच छापून येतो, पण चढ्या काठावर काहीच घडत नाही आणि सपाट काठावर एक अख्खं कुरण वाळून जातं.

आणि आवर्तनाची चाल चिखलात उमटलेली दिसते. कालवा चालू असताना पाणी झपाट्याने हटतं, बंद झाला की थांबतं, आणि काठावर पायऱ्या पडतात. पाणी सावकाश हटलं तर वनस्पती त्याच्या मागे सरकते, शिंपलेही चिखलातून घसटत खाली जातात, मागे त्यांची रेघ राहते. भरभर हटलं तर शिंपले जागच्या जागी उघडे पडतात आणि खोलगट जागी डबकी तुटतात. त्या डबक्यांत बोटभर पिल्लं आणि भोवती बगळे, ढोकऱ्या. हे मोजायला फार शास्त्र लागत नाही. डबकी किती, जिवंत किती, चार दिवसांनी किती उरली, एवढं लिहिलं तरी पुष्कळ.

जातीजातीतला फरकही इथेच कळतो. चिलापीचा नर उथळ तळात बशीसारखे खड्डे करतो आणि पाणी हटलं की ते ओळीने उघडे पडतात. पाहून वाटतं, वीण गेली. पण तिची मादी अंडी तोंडात घेऊन तिथून निघून जाते. मरळीला ती सोय नाही. ती उथळ पाण्यात वनस्पतीत घरटं करते आणि तिथेच राखण करत बसते. तिची तांबूस पिल्लंही झुंडीने कडेलाच असतात. फूटभर पाण्यात घरटं असेल आणि पाणी रोज चार इंचांनी उतरत असेल, तर तिसऱ्या दिवशी तिथे चिखल असतो. शिंगाळाही तळात खड्डा करूनच वीण करतो. किलोच्या वहीत मरळीची जागा चिलापीने घेतली तरी बेरीज तीच राहते.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते पावसाळ्यात. आपण उन्हाळ्यातल्या उतरणीकडे बघत बसतो, पण जुलै-ऑगस्टात पूर सावरण्यासाठी पाणी सोडलं की भरत आलेलं धरण काही दिवस खाली जातं. चढणीचे, म्हणजे विणीसाठी प्रवाहाविरुद्ध वर जाणारे, मासे तेव्हा ओढ्यांच्या मुखाशी असतात, काठावरचं गवत नुकतंच बुडालेलं असतं, पिल्लं त्याच गवतात लपून चरतात. त्या चार दिवसांत पाणी हटलं तर उन्हाळ्यातल्या चार आठवड्यांहून जास्त जातं, निदान मला तसं दिसलं. तेव्हा ढगांमुळे उपग्रह आंधळा असतो आणि वाऱ्यामुळे जाळी बंद असतात. काठ तेवढा चालू असतो.

उन्हाळ्यात जमीन उघडी पडणं सरसकट वाईट नाही, हेही फिरल्यामुळेच कळलं. उघड्या काठावर गवत उगवलं आणि जूनमध्ये ते पाण्याखाली गेलं तर पिल्लांना अन्न आणि आडोसा दोन्ही मिळतं. पण तीच जमीन गाळपेरीला, म्हणजे उघड्या गाळात पीक घ्यायला, जाऊन पाण्याच्या कडेपर्यंत नांगरली गेली, तर बुडायला ढेकळंच उरतात. गाळपेर करणाऱ्याला मी दोष देत नाही, धरणात जमिनी गेलेल्यांचा तो आधार आहे. कडेची थोडी पट्टी नांगराविना सोडता आली तर बरं, इतकंच.

काठाच्या अडचणी खऱ्या आहेत. गुरं आणि नांगर खुंट्या उपटतात, म्हणून मी पुढे खडकावर रंगाच्या रेघा मारल्या. चिखल मांडीपर्यंत लागतो, एकट्याने जाऊ नये. खोल पाण्यातल्या कटल्याबद्दल काठ काहीच सांगत नाही. कटला, रोहू, मृगळ यांना विणीला पुराचं वाहतं पाणी लागतं, साठलेल्या पाण्यात ते सहसा विणत नाहीत. तेव्हा तुमच्या तळ्यातली सगळी मासळी सोडलेल्या बोटुकलीची असेल, तर वहीचं पारडं जड होईल. कोयनेचा शिवसागर आणि चांदोलीचा वसंतसागर यांच्याभोवती व्याघ्र प्रकल्पाचं रान आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय फिरता येत नाही, त्यामुळे सुरुवात चित्रांपासूनच करावी लागेल. सांगलीकडे कृष्णेच्या काठाने ही पद्धत वापरणार असाल तर मगरींचा विचार आधी करा.

पण कण्हेर, धोम, उरमोडीसारख्या पाण्यावर, हाताशी एक वर्ष आणि दोन माणसं असतील, तर मी काठाकडेच झुकेन. पहिली रेघ ऑक्टोबरात, पाणी पूर्ण भरलेलं असताना मारा. पाटबंधारे खात्याची रोजची पातळी त्याच वहीत शेजारी लिहीत जा, म्हणजे दिवसाला किती सेंटिमीटर हटलं ते मिळेल. जुलै-ऑगस्टात मात्र पंधरवडा पुरत नाही, दर तिसऱ्या दिवशी जायला हवं. जाळ्याची वही मीही अजून ठेवतो, पण मे आणि ऑक्टोबर शेजारी मांडत नाही. या ऑक्टोबरचं वजन मागच्या ऑक्टोबरशी, पाण्याची पातळी सारखी असेल तरच.