जाळी होती, ट्वीटर नव्हता

मी गंगाखेड तालुक्यातला. भीमगीतांच्या पार्टीत कीबोर्ड वाजवतो, लग्नसराईत ऑर्केस्ट्राच्या सुपाऱ्याही घेतो. (आमच्याकडं कीबोर्डला अजून कॅसिओच म्हणतात, मग तो कुठल्याही कंपनीचा असो.) यंदा मार्चमध्ये नांदेडच्या एका दुकानातून कीबोर्डचा ॲम्प, म्हणजे आवाज वाढवणारी स्पीकरची पेटी, घेतला आणि साडेअठरा हजारांना फसलो. जयंती तोंडावर आली की आपल्याकडचे कितीतरी कलाकार अशीच घाईघाईत खरेदी करतात, म्हणून घडलं ते सगळं लिहितोय.

गरज खरी होती. घरी हेडफोनवर रियाज करून स्टेजवरच्या आवाजाचा अंदाज येत नाही. आणि स्टेजवर सिस्टीमवाला मॉनिटर (कलाकाराकडं तोंड केलेला स्पीकर) गायकापुढं ठेवतो, कीबोर्डवाल्याला स्वतःचंच वाजवणं ऐकू येत नाही. दोन्हीकडं चालेल अशी एक पेटी मला हवी होती.

दुकानात दाखवलेल्या पेटीवर मोठ्या अक्षरांत ४०० वॅट छापलेलं होतं. खाली १२ इंची स्पीकर, वर हॉर्नची, म्हणजे उंच सुरांच्या छोट्या स्पीकरची (ट्वीटरची) गोल जाळी, मागं मिक्सरला आवाज पाठवायचं सॉकेट, म्हणजे लाइन आउट. दुकानदारानं मोबाइल ब्लूटूथला जोडून डीजेचं गाणं लावलं तर काउंटरची काच थरथरली. मी माझा कीबोर्ड नेलेला नव्हता, तिथंच पहिली चूक झाली. दुकानातला एखादा लावून दाखवा म्हटलं तर म्हणाला, "ॲडॉप्टर नाही सर. अन् गाणं एवढं वाजायलंय, मग कॅसिओ वाजणार नाही का?"

नाही वाजत. बंद खोलीत दहा-पंधरा वॅटवरसुद्धा मोठा स्पीकर कानठळ्या बसवतो, आणि डीजेच्या गाण्यातले आवाजाचे चढउतार आधीच दाबून सपाट केलेले असतात. कीबोर्डचं तसं नसतं. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर डावीकडचा शेवटचा सा साधारण ६५ हर्ट्झचा असतो, तर झांजेची किणकिण दहा हजारांच्याही वर जाते. मधेच बोट जोरात पडलं की ॲम्पकडं तेवढा जोर शिल्लक असावा लागतो. म्हणून तर गिटारचा ॲम्पही कीबोर्डला चालत नाही. त्याचा स्पीकर ५ हजार हर्ट्झच्या पुढं खाली बसतो आणि स्ट्रिंग्जचा टोन घोंगडीखालून आल्यासारखा येतो.

बिलाची दुसरी चूक त्याहून मोठी. "पक्कं बिल पायजे असंल तर १८ टक्के जीएसटी वर द्या. वॉरंटीचं मी बघतो की." ३,३३० रुपये वाचतात म्हणून मी गप्प बसलो. १०,००० फोनवरून दिले, ८,५०० रोख. हातात आली ती 'ॲम्प १ नग' लिहिलेली, शिक्का मारलेली चिठ्ठी.

घरी हळू आवाजात काही जाणवलं नाही. १४ एप्रिलच्या रात्री, तिसऱ्या गाण्याला, ढोलकी चढली म्हणून मी आवाज अर्ध्याच्या वर नेला. डाव्या हाताचे सूर फाटायला लागले, आणि अंतऱ्याच्या ऐन तोंडावर ॲम्प गपकन बंद पडला. गायक माझ्याकडं बघतोय, समोर गाव बसलेलं. दोनेक मिनिटांनी तो आपोआप सुरू झाला, पुढच्या गाण्यात पुन्हा बंद. सिस्टीमवाल्या पोरानं लाइन आउटला पिन लावून बघितली, काहीच येईना. शेवटी त्यानं कीबोर्डच थेट मिक्सरला जोडला, म्हणून कार्यक्रम निभावला. ती दोन मिनिटं मी अजून विसरलेलो नाही.

परभणीच्या एका जुन्या मेकॅनिककडं पेटी नेली. त्यांनी मागचे स्क्रू काढले आणि मला जवळ बोलावलं. वरच्या जाळीमागं कोरं प्लाय होतं. ट्वीटर तर नव्हताच, त्याच्यासाठी भोकसुद्धा पाडलेलं नव्हतं. लाइन आउटच्या सॉकेटला एकही वायर नव्हती. आत टीडीए २०३० नावाची आवाज वाढवणारी एकच आयसी (चिप), तिची ताकद १४ वॅटच्या आसपास. ट्रान्सफॉर्मर १२-०-१२, म्हणजे एकूण २४ व्होल्टचा, दोन अँपिअरचा. "चोवीस दुणे अठ्ठेचाळीस," काका म्हणाले, "ह्याच्यातून चारशे कुठून काढणार तुम्ही?" ती आयसी तापली की स्वतःला वाचवायला बंद होते, थंड झाली की सुरू होते. स्टेजवर झालं ते हेच.

मग त्यांनी पेटी उलटी केली. तळाच्या बारीक स्टिकरवर लिहिलं होतं: वीजवापर ६० वॅट. पुढं चारशे, खाली साठ! जेवढी वीज खातो त्याहून जास्त ॲम्प सलग देऊच शकत नाही. असल्या पेट्यांवरचा मोठा आकडा पीएमपीओचा असतो, म्हणजे क्षणभराच्या धक्क्याचा फुगवलेला हिशेब. विचारायचा तो आरएमएस, म्हणजे ॲम्प सलग देऊ शकतो ती ताकद. तुलनेसाठी सांगतो, रोलँडचा केसी-८० हा ५० वॅटचा आहे आणि केसी-२०० हा १०० वॅटचा, १२ इंची स्पीकर आणि वेगळा ट्वीटर असलेला. घरच्या रियाजाला पहिला पुष्कळ झाला, ढोलकी-ऑक्टोपॅडसोबत बसायचं तर दुसऱ्यासारखा लागतो. उघड्या मैदानात लोकांपर्यंत आवाज सिस्टीमच पोचवते, आपला ॲम्प आपल्यापुरता.

दुकानदारानं फोनवर ओळखच दिली नाही. गेलो तर म्हणाला, "हा माल माझा नाही, बिल दाखवा."

पाथरीचा माझा एक मित्र त्याच दुकानात जाणार होता. त्याला म्हटलं, कीबोर्ड सोबत ने, ड्रमकिटचा टोन लाव, झांज वाजव आणि कान वरच्या जाळीला लाव. मग सगळ्यात खालचे दोन सूर एकदम दाबून आवाज पाऊण चढव आणि दहा मिनिटं तसंच वाजव. तो पैसे न देता परत आला.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते, त्यामुळं नांदेडला हेलपाटे पडत नाहीत. मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. परभणीत अर्ज दिलाय. सोबत चिठ्ठी, मेकॅनिक काकांच्या सहीचा कागद, उघड्या पेटीचे फोटो आणि फोनवरून दिलेल्या १०,००० ची नोंद जोडली आहे. रोख दिलेल्या ८,५०० चा माझ्याकडं कसलाच पुरावा नाही.