आगमनकाळात घरी काय करावे: चार मेणबत्त्या, इशायाचे झाड की रोज लूकचा एक अध्याय?

डिसेंबर लागला की नागपुरातल्या ख्रिस्ती घरांची संध्याकाळ घराची राहत नाही. गायनमंडळाचा सराव, कॅरल पार्टी, महिला मंडळाचा कार्यक्रम, संडे स्कूलचे नाटक. त्यात हिवाळी अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्सचे रस्ते वळवलेले, त्यामुळे ऑफिसातून परतायलाच उशीर. घरी करंज्या, केक, दारात तारा. हे सगळे हवेच आहे. पण या महिन्यात पवित्र शास्त्र कुठे उघडले जाते असे विचारले, तर बऱ्याच घरांचे उत्तर 'चर्चमध्ये' असे येईल. पवित्र शास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकातले 6:7 हे वचन मात्र देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवायला सांगताना घरी बसण्याचा, वाटेने चालण्याचा, निजण्याचा आणि उठण्याचा उल्लेख करते.

आगमनकाळ म्हणजे नाताळआधीचा, चार रविवारांचा तयारीचा काळ. यंदा त्यात घरात काही सुरू करावे असे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यापुढे मुख्यतः तीन वाटा आहेत. त्या तोलताना मी एकच कसोटी लावते: यातून वाचन काढून टाकले, तर काय उरते?

चार मेणबत्त्यांचे चक्र सगळ्यांच्या ओळखीचे: हिरव्या फांद्यांच्या गोलात चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त पेटवायची. 1839 मध्ये हॅम्बुर्गला योहान हिन्रिख विखर्न या ल्यूथरन पाळकाने निराधार मुलांच्या गृहात गाडीचे चाक टांगून त्यावर मेणबत्त्या लावल्या, तिथून ही प्रथा पसरली. रविवारसाठी मोठ्या पांढऱ्या, रोजच्यासाठी छोट्या लाल. आज बहुतेक घरी चारच असतात. कॅथलिक घरांत तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी. देवदार आपल्याकडे कुठून येणार? स्टीलच्या परातीत मोरपंखीच्या फांद्या गोल रचल्या तरी छान दिसते. खर्च नाही, तयारी नाही, आठवड्यातून एकदाच जमायचे. धावपळीच्या घराला याहून सोपे काही नाही.

पण कसोटीवर हे चक्र कच्चे ठरते. वाचन नसले तरी मेणबत्ती पेटते, फोटो निघतो. आशा, शांती, आनंद, प्रीती ही चार नावे घेतली की झाले, असे वाटू लागते आणि ती आशा कोणाला, कोणत्या अंधारात दिली गेली हे सांगायचे राहून जाते. यावर उपाय आहे: आधी वाचन, मग काडी. मेणबत्तीकडे डोळे लावून बसलेले मूल यशया 9:2-7 नीट ऐकते. दुसऱ्या रविवारी मीखा 5:2-5, तिसऱ्याला लूक 1:26-56, चौथ्याला मत्तय 1:18-25. तोच उतारा आठवडाभर जेवणाआधी पुन्हा वाचला, तर शनिवारपर्यंत सात वर्षांच्या मुलालाही त्यातली दोन वचने पाठ होतात. असे करणार असाल तरच मी चक्राची शिफारस करीन.

दुसरी वाट इशायाच्या झाडाची, आणि माझे मन तिकडे जास्त ओढते. इशाय म्हणजे दावीदाचा बाप. त्याच्या बुंध्याला धुमारा फुटेल हे यशयाच्या 11व्या अध्यायातले भाकीत या प्रथेचा पाया आहे. एक वाळकी फांदी, पेरूची असो वा संत्र्याची, वाळू भरलेल्या कुंडीत रोवायची. रोज एक गोष्ट वाचायची आणि तिची खूण फांदीला बांधायची. लग्नसराईत साचलेल्या पत्रिका कापून खुणा सुरेख होतात. नोहाचे तारू, अब्राहामाचे तारे, याकोबाची शिडी, योसेफाचा झगा, मोशेच्या दगडी पाट्या, राहाबेची लाल दोरी, रूथची ओंबी, दावीदाची वीणा, मग संदेष्टे, मग जखऱ्या, मरीया, बेथलेहेम.

वाचन काढले तर इथे काय उरते? फांदीला लटकलेली लाल दोरी. यहोशवाचा दुसरा अध्याय वाचल्याशिवाय तिला काही अर्थ नाही. म्हणून ही प्रथा शास्त्राला सोडून जगूच शकत नाही. मुलांना आणखी एक गोष्ट आपोआप कळते: येशूचा जन्म अचानक घडलेला प्रसंग नव्हे, त्यामागे शतकांचे वचन आहे. मत्तयाने दिलेली येशूची वंशावळ एरवी आपण भराभर वाचून टाकतो. पण झाडावर राहाब आणि रूथ बांधून झाल्यावर तीच यादी वाचा. ओळखीची नावे आली की मुले मध्येच बोलू लागतात. परक्या कुळातल्या या बाया प्रभूच्या वंशावळीत आहेत, हे आपल्या मुलींनी लहानपणीच ऐकायला हवे असे मला मनापासून वाटते.

अडचणीही खऱ्या आहेत. खुणा नोव्हेंबरातच करून ठेवाव्या लागतात. काही गोष्टी जड आहेत: इसहाकाच्या बलिदानाचा उत्पत्तीतला 22वा अध्याय पाच वर्षांच्या मुलाला वाचून दाखवताना वेळ द्यावा लागतो, प्रश्न येतात, ते टाळून चालत नाही. शिवाय आगमनकाळ दरवर्षी सारखा नसतो. पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांमध्ये कधीही येतो, त्यामुळे दिवस 22 ते 28 पडतात. ठरलेल्या संख्येच्या मागे न लागता घराला झेपतील तेवढ्याच, बारा-पंधरा खुणा घ्या.

तिसरी वाट सर्वात साधी. लूकच्या शुभवर्तमानात 24 अध्याय आहेत. 1 डिसेंबरला पहिला, 24 तारखेला शेवटचा. साहित्य शून्य. कसोटी लावायचीही गरज नाही, कारण यात वाचनाखेरीज काहीच नाही. आजी-आजोबा, कॉलेजची मुले, नुकतेच लग्न झालेले जोडपे, एकटे राहणारे, सगळ्यांना जमण्यासारखे आहे. पहिला अध्याय 80 वचनांचा, तो सकाळ-संध्याकाळ वाटून घ्या. बाकीचे बहुतेक पाच ते आठ मिनिटांत होतात.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: जन्म दुसऱ्याच दिवशी वाचून होतो, मग नाताळची वाट पाहणे कसले? मला उलट हेच या वाचनाचे बळ वाटते. 21 तारखेला मनुष्याचा पुत्र, म्हणजे येशू, पुन्हा येण्याविषयीचा अध्याय येतो, आणि आगमनकाळ त्या दुसऱ्या येण्याचाही आहे हे आपण तारे लावताना विसरतो. 23 तारखेला वधस्तंभ. 24 तारखेला अम्माऊस गावाची वाट, जिथे दोन शिष्यांना उठलेला प्रभू मोशे आणि सर्व संदेष्ट्यांपासून सुरुवात करून स्वतःविषयीचा शास्त्रार्थ उलगडतो. इशायाचे झाड जे खुणांनी सांगते, ते इथे तो स्वतः सांगतो. फक्त लहान मुले पूर्ण अध्याय बसून ऐकणार नाहीत. आठ वर्षांखालची मुले असतील तर ही वाट सध्या नको.

रोज एक खिडकी उघडून आतले चॉकलेट खायच्या कॅलेंडरबद्दल फार बोलण्यासारखे नाही. आत वचनाची चिठ्ठी घातली तरी सुटे वचन गोष्टीपासून तुटते, आणि मुलाचा हात चॉकलेटकडेच जातो.

घरात इंग्रजी माध्यमाची मुले आणि मराठीच वाचणारी आजी असेल, आणि नागपुरातल्या सदर, मोहननगर, मेकोसाबाग या वस्त्यांत कुठेही हे चित्र आहे, तर भाषेवरून भांडू नका. आजीने पवित्र शास्त्रातून वाचावे, नातवाने तोच भाग सोप्या मराठी अनुवादातून किंवा इंग्रजीतून. यासाठी झाडाचे छोटे उतारे बरे पडतात. लूकचा अख्खा अध्याय दोनदा वाचला तर जेवण गार होते.

निवड करताना कॅरलच्या रात्री धरूनच चाला, कारण काही दिवस चुकणारच. चक्राला त्याने काही होत नाही. झाडाला दोन खुणा पुढच्या दिवशी एकत्र बांधता येतात, गोष्टी छोट्या आहेत. लूकचे तीन अध्याय साचले की मात्र वाचणे ओझे होते. तिथे मागचे भरून काढू नका, त्या तारखेचा अध्याय उघडा आणि राहिलेले जानेवारीत वाचा. आणि कॅरल पार्टी तुमच्याच दारी येणार असेल, तर गाण्याआधी घरातल्या मुलाला लूक 2:8-14 मोठ्याने वाचायला उभे करा. सात वचने आहेत, मिनिटभर लागते, आणि गाणाऱ्यांनाही ते हवे असते.